नाताळच्या मैफलीत वाद्यं सुरात ठेवताना

नाताळच्या मैफलीची तयारी आम्ही ऑगस्ट संपता संपता सुरू करतो. तारीख मात्र त्याच्याही आधी, जवळजवळ वर्षभर आधी पक्की करावी लागते. नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंटचा काळ. यातला पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी येतो. तिथून पुढच्या बहुतेक संध्याकाळी चर्चचं स्वतःचं गायकवृंद, शाळांचे कार्यक्रम आणि प्रार्थना यांनी भरलेल्या असतात. ऑक्टोबरमध्ये चौकशी केली तर हाती लागते ती मधल्या वारची संध्याकाळ, तीही हीटर बंद असलेली.

आमचा ताफा सहा जणांचा: फिडल (म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन), मॅन्डोलिन, गिटार, ॲकॉर्डियन, डबल बास, आणि एक जण टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) आणि बोरान आलटून पालटून वाजवणारा. (बोरान म्हणजे आयर्लंडमधला बकरीच्या कातड्याचा चपटा डफ.) लाकूड, कातडं, तारा आणि पत्र्याच्या पट्ट्या, सगळं हवेच्या मर्जीवर चालणारं. म्हणून या मैफलीची निम्मी तयारी हवेची असते. गाणी कोणती घ्यायची हे त्यामानाने लवकर ठरतं.

जागा बघायला गेलो की पहिला प्रश्न हीटरचा. तो कधी लावतात, किती वेळ आधी, आणि कार्यक्रम चालू असताना त्याचा पंखा आवाज करतो का? दगडी इमारतीत तासभर आधी हीटर लावून भागत नाही. हवा तापते, भिंती गारच राहतात, आणि पंख्याच्या घरघरीमुळे हीटर बंद केला की हवा झपाट्याने उतरते. पहिल्या भागात सुरात असलेली वाद्यं दुसऱ्या भागात बिनसतात ती यामुळे. शक्य असेल तर आम्ही आदल्या रात्रीपासून मंद आचेवर हीटर ठेवायला सांगतो आणि त्याचा खर्च जागेच्या भाड्यात धरतो.

दुसरा प्रश्न चर्चच्या पाइप ऑर्गनचा. एखादं गाणं ऑर्गनबरोबर करायचं असेल तर त्याचा सूर त्या संध्याकाळी जो असेल तो आपला सूर. हवा थंड असली की ध्वनीचा वेग कमी होतो आणि ऑर्गनचे शिट्टीच्या जातीचे पाइप अंशामागे सुमारे 3 सेंट उतरतात. (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग.) उन्हाळ्यात 20 अंशांना 440 हर्ट्झवर, म्हणजे वाद्यं लावायच्या नेहमीच्या मापावर, लावलेला ऑर्गन हिवाळ्यात 12 अंशांच्या इमारतीत 24 सेंट खाली बोलतो. ट्यूनरवर बरोबर 440 लावून बसलेली गिटार त्याच्याशेजारी बेसूरच वाटते, आणि दोष गिटारचा नसतो. तिसरा प्रश्न विजेचा: मंचाजवळचे प्लग आणि हीटर एकाच सर्किटवर आहेत का? असतील तर दोन्ही एकदम चालवल्यावर फ्यूज जाण्याचा धोका कायम राहतो.

गाणी निवडताना आधी लोकांना काय गाता येईल हे बघतो, मग आपल्याला काय वाजवायचंय ते. नाताळची मैफल ऐकायला आलेली माणसं गायला आलेली असतात, आणि ती गायली तर मैफल त्यांची होते. पंचेचाळीस मिनिटांचे दोन भाग, मध्ये वीस मिनिटांची सुट्टी. एका भागात दहा चिजा. प्रत्येकी सरासरी साडेतीन मिनिटं धरली तर पस्तीस मिनिटं वाजवणं, बाकीची दहा मिनिटं बोलणं आणि वाद्यं बदलणं. लोकांनी गायच्या चिजा दोन्ही भागांत मिळून पाच: पहिल्या भागात दोन, दुसऱ्यात तीन. दहा झाल्या की लोक थकतात आणि वादकांना दाखवायला काही उरत नाही.

पट्टी ठरवताना बहुतेक बँड चुकतात. गायिकेला सोयीची पट्टी आणि तीनशे अनोळखी माणसांना सोयीची पट्टी या वेगळ्या गोष्टी. ‘सायलेंट नाइट’ या नाताळगीताचंच घ्या. चाल ऐकायला सोपी, पण तिचा पल्ला एक सप्तक आणि वर चार स्वरांचा आहे. पांढरी एकमध्ये (सी पट्टीत) धरली तर शेवटच्या ओळीच्या अलीकडे वरच्या पांढरी चारपर्यंत जावं लागतं आणि अर्धं सभागृह तिथे गप्प होतं. आम्ही ती पांढरी सहामध्ये (ए पट्टीत) घेतो. मग सर्वांत वरचा स्वर पांढरी दोन येतो, जो बहुतेकांना ताण न देता लागतो, आणि सर्वांत खालचा स्वरही पुरुषांना आणि खालच्या आवाजाच्या बायकांना मिळतो. गिटारवाला दुसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून जी पट्टीचे आकार वाजवतो, फिडलला ही पट्टी मोकळ्या तारांमुळे आवडतेच. कॅपो लावल्यावर तारा किंचित चढतात, विशेषतः जाड तारा, त्यामुळे कॅपो लावून झाल्यावर पुन्हा सूर बघायचा. हे रियाझात लक्षात राहतं आणि मंचावर विसरतं, म्हणून गाण्यांच्या यादीत ‘कॅपो 2, सूर’ असं सरळ लिहून ठेवतो.

हे गाणं गिटारवर वाजवणं म्हणजे तडजोड आहे असं काही लोकांना वाटतं. उलट आहे. साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडोर्फमध्ये 24 डिसेंबर 1818 रोजी ते पहिल्यांदा म्हटलं गेलं तेव्हा सोबतीला गिटारच होती. शब्द योझेफ मोर या पाद्र्याचे, 1816 सालचे. चाल फ्रान्झ क्सावेर ग्रुबर या शिक्षकाची. दोघांनीच ते गायलं. पुढे टिरोलच्या झिलर खोऱ्यातल्या लोकगायकांच्या कुटुंबांनी ते गावोगाव नेलं, आणि त्यातल्या राइनर कुटुंबाने 1839 मध्ये ते न्यूयॉर्कला पोचवलं. म्हणजे हे गाणं जगभर नेलं ते आमच्यासारख्याच, पाठीवर वाद्यं घेऊन हिंडणाऱ्या लोकांनी. मोठ्या वृंदाच्या जाड रचनेपेक्षा दोन आवाज आणि एक गिटार एवढ्यावरच ते सर्वांत जास्त भिडतं, असं आमचं ठाम मत आहे.

ओळखीच्या तीन चाली झाल्या की एक अनोळखी, हे प्रमाण चालतं. अनोळखी म्हणजे दुर्मिळच हवी असं नाही. 1582 साली छापलेल्या ‘पिए कान्तिओनेस’ या संग्रहातल्या चाली अजून ताज्या वाटतात. इंग्लंडमध्ये शेफिल्डच्या परिसरातल्या पबमध्ये नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत गायल्या जाणाऱ्या स्थानिक कॅरल्समध्ये एकाच शब्दांना कितीतरी चाली आहेत. शब्द ओळखीचे आणि चाल नवी असली की लोक दुसऱ्या कडव्याला बरोबर येतात. कार्यक्रम 26 डिसेंबरला किंवा त्यानंतर असेल तर यादी बदलते. आयर्लंडमध्ये रेन या छोट्या पक्ष्याच्या नावाने 26 डिसेंबरला साजरा होणाऱ्या रेन-डेची गाणी, 6 जानेवारीच्या आसपास शुभेच्छा देत गायची वासेलची गाणी तेव्हाच शोभतात. ॲडव्हेंटमध्ये काही चर्च जन्माची गाणी 24 तारखेच्या आधी नको म्हणतात. हे आधी विचारायचं. विसाव्या शतकातली लोकप्रिय नाताळगीतं बहुतेक अजून हक्काखाली आहेत, आणि जुन्या चालीची नवी रचनाही रचनाकाराच्या हक्काची असते. तिकीट लावलेल्या मैफलीला लागणारा परवाना जागेकडे आहे का, हे लेखी घ्यावं.

तालमी सहा, प्रत्येकी दोन तासांच्या. पहिल्या दोन तालमी पट्ट्या ठरवणं आणि सुरुवात-शेवट यांत जातात. तिसरीपासून कागद बंद. पाचव्या तालमीत फक्त गाण्यांमधल्या जागा घेतो: कोण बोलणार, तेवढ्यात कोण वाद्य बदलणार, कोणाला सूर बदलायचाय. वेगळ्या पद्धतीने लावलेल्या तारांची गिटार लागणाऱ्या चिजा एकमेकींच्या शेजारी ठेवल्या की अख्ख्या मैफलीत दोनदाच सूर बदलावा लागतो. सहावी तालीम घड्याळ लावून, न थांबता. चूक झाली तरी पुढे जायचं.

लोकांना गायला लावायची रीत या तालमींतच बसवावी लागते. गाण्याची शेवटची ओळ सुरुवातीला वाद्यांवर वाजवायची, त्याच लयीत, शेवटी न रेंगाळता. मग एक पूर्ण आवर्तन श्वासाला द्यायचं, आणि गायिकेने दिसेल असा श्वास घ्यायचा. हात हलवायची गरज पडत नाही, लोक तो श्वास बघून उठाव घेतात. मोठ्या जागेत मात्र एक सापळा असतो. आवाज मीटरला सुमारे 3 मिलिसेकंद घेतो. तीस मीटरवरच्या शेवटच्या रांगेला आपण जवळजवळ 90 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि त्यांचं गाणं आपल्याकडे यायला तेवढाच वेळ. वादकाने त्यांचं ऐकून वाजवलं की तो मागे ओढला जातो, त्यामुळे लोक आणखी मागे जातात, आणि चौथ्या कडव्यापर्यंत गाणं गाळात रुतल्यासारखं होतं. उपाय एकच: गिटार आणि बास यांनी एकमेकांच्या हाताकडे बघत वाजवायचं, सभागृहाचं ऐकायचं नाही. ऐकायचं काम गायिकेचं.

शब्दांचे कागद सोळा पॉइंटमध्ये, एका गाण्याचं पान गाण्याच्या मध्ये उलटावं लागणार नाही असे. आणि दिवे इतके मंद करायचे नाहीत की कागद वाचता येणार नाही. मेणबत्त्यांच्या उजेडाचा मोह सर्वांना असतो, पण अंधारात दुसऱ्या कडव्यानंतर फक्त पाठ असलेलेच गातात. खऱ्या मेणबत्त्या असतील तर फिडलच्या गजाच्या टप्प्याबाहेर ठेवाव्यात. आम्ही बॅटरीच्याच मागतो.

आता हवेकडे. बाहेर 0 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असेल, आणि तीच हवा आत घेऊन 20 अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता जेमतेम 21 टक्के उरते. गिटारला 45 ते 55 टक्के मानवते. कोरड्या हवेत वरची फळी आकसून खाली बसते, तारा पडद्यांना घासून खरखरतात, पडद्यांची टोकं काठाबाहेर येऊन बोटांना टोचतात. ही टोकं टोचायला लागली तेव्हाच सावध व्हायचं, कारण त्याच्या पुढची पायरी फळीला चीर. पेटीत आर्द्रतेची पुडी आणि छोटा मापक नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कायम असतो.

फिडलच्या खुंट्या याच हवेत सुटतात. खुंटी आकसली की भोकात सैल बसते, सूर लावून हात काढला की तार ‘टर्र’ करून उलगडते. नवखा माणूस खुंटी फिरवत राहतो. खुंटी फिरवताना तळव्याने आत दाबत न्यावी लागते, डाव्या हाताच्या बोटांनी खुंट्या बसवलेल्या भागाला पलीकडून आधार देऊन. गजाचे केसही आखडतात, म्हणून वाजवून झाल्यावर गज नेहमीपेक्षा जास्त सैल करून ठेवायचा, नाहीतर काडी वाकते. डबल बासची तपासणी वेगळी. मधल्या बोटाच्या पेराने कडेकडेने, हातभर अंतर न सोडता, ठोकत जायचं. जोड घट्ट असेल तिथे ‘टक’ असा भरीव आवाज येतो, सुटला असेल तिथे पोकळ, थोडा फाटका. सरस लावलेले हे जोड मुद्दाम फळीपेक्षा कच्चे ठेवलेले असतात, म्हणजे ताण आला की जोड उघडतो आणि लाकूड वाचतं. उघडलेला जोड कारागीर पुन्हा चिकटवतो. पण मैफलीच्या संध्याकाळी लक्षात आलं तर ठरावीक स्वरांवर बास गुरगुरणार हे धरूनच चालावं.

मैफलीच्या दिवशी आम्ही तीन तास आधी पोचतो, आणि पहिली पाऊण ते एक तास पेट्या उघडतच नाही. थंड वाद्य गरम, दमट हवेत उघडलं की त्यावर दव धरतं. ॲकॉर्डियनच्या आतल्या पोलादी पट्ट्यांवर ते बसलं तर काही स्वर उशिरा बोलतात आणि पुढे गंज चढतो. गिटारच्या वार्निशला बारीक भेगा पडतात. पेटी बंद ठेवली की आतली हवा हळूहळू खोलीच्या तापमानाला येते. तेवढ्या वेळात माईक, केबल, खुर्च्या लावून होतात.

मग सूर. ॲकॉर्डियनचा सूर मंचावर बदलता येत नाही, म्हणून सगळे त्याच्याशी लावतात. बरीच ॲकॉर्डियन्स 442 ला लावलेली असतात, म्हणजे 440 पेक्षा सुमारे 8 सेंट वर. 440 च्या स्वराबरोबर वाजवलं की सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. ट्यूनरवर पाहताना आतल्या एकाच पोलादी पट्टीचा स्वर देणारं बटण दाबायचं, कारण दोन-तीन पट्ट्यांच्या मिश्रणात त्या मुद्दाम एकमेकींपासून किंचित ढळवलेल्या असतात आणि काटा एका जागी थांबत नाही.

टिन व्हिसल 10 अंशांना 20 अंशांपेक्षा सुमारे 30 सेंट उतरते. तो सूर चढवायचा तर डोकं (फुंकायचा भाग) आत सरकवावं लागतं, डी पट्टीच्या व्हिसलला सुमारे 5 मिलिमीटर. डोकं आधीच पूर्ण आत असेल तर करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून 20 अंशांना सुरात असताना डोकं तेवढं बाहेर राहील अशीच व्हिसल घ्यावी, आणि वाजवायच्या आधी दहा मिनिटं कोटाच्या आतल्या खिशात ठेवावी. थंड धातूत श्वासाचं पाणी होऊन फुंकेची चीर तुंबते आणि ऐन संथ चालीत स्वर अडखळतो. भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब पाण्यात मिसळून आदल्या दिवशी त्या चिरेतून फिरवला की पाणी थेंब न धरता पसरतं. तरी तुंबलीच तर शिट्टीच्या खिडकीवर बोट ठेवून जोरात फुंकायचं.

बोरानचं कातडं कोरड्या हवेत ताणून टणक होतं आणि डब्यासारखं वाजतं. आतल्या बाजूला ओल्या तळव्याने हलकेच पाणी फिरवतो, एवढंच की तळवा फिरल्यावर कातडं मऊ लागावं, चमकू नये. पाच मिनिटांत आवाज खाली उतरून गोल होतो. गर्दी झाल्यावर हवा दमट होते आणि तेच कातडं ढिलं पडतं. ताण कमीजास्त करायची चावी असलेलं बोरान म्हणूनच घ्यावं.

गर्दीचा हिशोब ध्वनितपासणीत विसरला जातो. शांत बसलेला माणूस सुमारे 100 वॉट उष्णता देतो. दोनशे माणसं म्हणजे 20 किलोवॉट, दोन किलोवॉटचे दहा हीटर लावल्यासारखं. पहिला भाग संपेपर्यंत हवा तापते आणि व्हिसल चढते. त्याच वेळी दिव्यांच्या उष्णतेने पोलादी तारा लांबून उतरतात. दोन वाद्यं विरुद्ध दिशांनी ढळतात, आणि कोणीच काही चुकीचं केलेलं नसतं. सुट्टीनंतर सगळे पुन्हा सूर लावतात, आणि भागाच्या मध्यावर एकदा बोलण्याच्या आडून.

जागा घुमत असेल तर वाजवणंच बदलावं लागतं. दगडी चर्चचा घुमारा 3 सेकंदांचा असणं नेहमीचं. मिनिटाला 120 मात्रांच्या नाचाच्या चालीत अर्ध्या मात्रेचा स्वर पाव सेकंदाचा. म्हणजे एक स्वर पुरता विझेपर्यंत पुढचे बारा त्यावर येऊन पडलेले असतात. लय थोडी खाली आणतो, मॅन्डोलिनचा सततचा झणत्कार काढून समेवर आणि मधल्या ठोक्यावर ठेवतो, बोरानला ब्रशने वाजवतो, आणि बास कमी स्वर वाजवतो. संथ चालींना मात्र हा घुमारा वरदान. फिडलचा एकटा लांब स्वर तिथे जसा फुलतो तसा दुसरीकडे कुठेच नाही, म्हणून अशा दोन चिजा यादीत असतातच. जाड कोट घातलेली माणसं भरली की घुमारा आखूड होतो आणि वरचे स्वर शोषले जातात. रिकाम्या जागेत किंचित तीक्ष्ण वाटणारा आवाज म्हणूनच तपासणीत तसाच सोडून द्यावा.

दीडशे माणसांपर्यंतच्या जागेत आम्ही एकच मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माईक वापरतो, 48 व्होल्टवर, आणि सगळे त्याभोवती अर्धवर्तुळात. गाणारा अर्ध्या मीटरवर, गिटार त्याच्या किंचित मागे, ॲकॉर्डियन सर्वांत लांब. ज्याची वेळ असेल तो एक पाऊल पुढे येतो आणि पुन्हा मागे जातो. मंचावर मॉनिटर स्पीकर नाहीत, त्यामुळे एकमेकांचं खरं ऐकू येतं. मोठ्या जागेत प्रत्येकाला माईक लागतो. तेव्हा उघडे माईक दुप्पट झाले की स्पीकरने शिट्टी न मारता वाढवता येणारा आवाज 3 डेसिबलनी घटतो, हे लक्षात ठेवून न वाजणाऱ्याचा माईक बंद ठेवतो. गिटारच्या पोटात 100 ते 200 हर्ट्झच्या दरम्यान घुमायला लागतं. ध्वनिछिद्रावर रबरी झाकण बसवलं की निम्मा त्रास जातो. बास सोडून सर्वांचा 100 हर्ट्झखालचा भाग कापतो. प्रीॲम्पच्या बॅटऱ्या नव्या, आणि वाजवायची वेळ येईपर्यंत खिशात, कारण थंडीत त्या लवकर मान टाकतात.

उघड्यावरच्या नाताळबाजारात वाजवायचं असेल तर चांगली लाकडी वाद्यं घरीच राहतात. वीस मिनिटांचे तुकडे, मध्ये गरम जागेत हात शेकणं, आणि वेगवान चाली पहिल्या नव्हे तर तिसऱ्या क्रमांकापासून.

शेवटची चीज आम्ही माईक सोडून करतो. मंचावरून खाली उतरून मधल्या वाटेत उभे राहतो, गिटार आणि दोन आवाज पुढे, बाकीचे वाद्यांशिवाय नुसते गातात. पहिलं कडवं आम्ही, दुसऱ्यापासून सगळे, आणि तिसऱ्याला गिटारही थांबते. तिथे लोकांचा सूर थोडा उतरतो, तो उतरू द्यावा. गिटार पुन्हा घुसवली तर फरक उघडा पडतो.

टाळ्या संपल्या की आवराआवर घाईत होते, आणि वाद्यांचं नुकसान बहुतेक वेळा इथेच होतं. तारा पुसून, गज सैल करून, व्हिसलमधलं पाणी झटकून, बोरानची चावी ढिली करून मग पेट्या बंद. ॲकॉर्डियनचा भाता पट्ट्याने बांधूनच पेटीत. वाद्यं गाडीत सर्वांत शेवटी चढतात आणि घरी सर्वांत आधी उतरतात. रात्रभर गाडीत एकही राहत नाही. पेट्या थेट गरम खोलीत न्यायच्या आणि सकाळपर्यंत उघडायच्या नाहीत.